मदत हवी आहे: पित्तनलिकेतला मोठा खडा, लेझरची सोय कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडचे. आईच्या पित्तनलिकेत १८ मिमीचा खडा आहे. आधी कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला सारखी खाज. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढायची पद्धत) केली, पण खडा बास्केटमध्ये (खडा पकडायच्या तारेच्या जाळीत) मावेना. मग प्लास्टिकचा स्टेंट (बारीक नळी) घालून पित्ताला वाट करून दिली. १५ मिमीच्या वरचे खडे अवघडच मानतात म्हणे. आता फुग्याने नलिकेचं तोंड रुंद करायचं, नाहीतर कोलँजिओस्कोपीने (नलिकेतच बारीक दुर्बीण घालून) आत बघत लेझरने खडा फोडायचा, असं डॉक्टर म्हणतात. लेझरची सोय कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला आहे का, की मुंबईच गाठावी लागेल? घाटातला प्रवास तिला सोसत नाही. स्टेंटही साधारण ३ महिन्यांत बदलावा लागतो, तुंबला तर ताप येतो, म्हणून जीव टांगणीला आहे. कोणाच्या घरी हे झालं असेल तर खर्चासकट कळवा.