कामी आलेला ताण: तुमचा अनुभव सांगा

गाणारी मावशी, लष्कर (ग्वाल्हेर)
परवा भाचीची बारावीची परीक्षा. आदल्या रात्री तिने माझा हात धरला, बोटं गारठलेली. "मावशी, मला काहीतरी होतंय गं." म्हटलं, अगं, शरीर कामाला लागलंय. ॲड्रेनलिन, म्हणजे ताणात सुटणारं संप्रेरक, सुटलं की त्वचेतलं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात.

इथे ग्वाल्हेरात पहिल्यांदा बैठकीत गायला बसले तेव्हा तानपुऱ्यावर माझीही बोटं अशीच आखडली होती. गुरुजी एवढंच म्हणाले, "आधी खर्ज लाव." खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो लांब लावला की श्वास सावकाश सुटतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. धाकधूक गेली नाही, पण कान असे उघडले की ठेक्याचा बोल न् बोल वेगळा ऐकू आला. त्या दिवशीची सम, तालाची ती पहिली मात्रा, अजून अंगावर आहे.

ताणावर आयुष्यभर काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी अशा उपकारक ताणाला 'युस्ट्रेस' म्हटलं. तुमचं कसं? न झेपलेल्या ताणाबद्दलही लिहा.

फराळवाली, दौलतगंज
दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की मला हुरूप येतो. यादी ओट्यासमोर चिकटवलेली, डबा भरला की काट मारायची. सोऱ्या फिरवून मनगट भरून येतं, तरी हात थांबत नाही. लक्ष्मीपूजन झालं की गाढ झोपते.

एका वर्षी मात्र कोणालाच नाही म्हटलं नाही. दिवाळी सरली, झोप काही येईना. पहाटे तीनला टक्क जाग, आणि डोक्यात चकलीचं मोहन जास्त झालं का हेच. तुळशीच्या लग्नापर्यंत हे चाललं. तेव्हापासून दसऱ्याला यादी बंद.

पीएससीचा विद्यार्थी
येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. सोप्या कामात जास्त दाब चालतो, अवघड कामात थोडाच बरा, असं दिसलं. मी तसाच अभ्यास लावलाय. नवा धडा घड्याळ न लावता, झालेल्याची उजळणी घड्याळ लावून. मॉक टेस्टमध्ये हात थरथरणं बरंच कमी झालंय.

थोरला मुलगा
मला थोडं वेगळं सांगायचंय. बाबा अठरा दिवस आयसीयूत होते. तो ताण उपकारक होता असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलेलं मला सहनही होणार नाही. बाहेरच्या बाकावर बसून बसून डॉक्टर काय सांगतायत तेही डोक्यात शिरेनासं झालं होतं. सगळं मीच करायचं, हा माझा हट्ट.

सातव्या रात्री धाकटा डबा घेऊन आला. माझ्या हातातली फाईल काढून घेतली, म्हणाला, "दादा, आज तू घरी जा. मी आहे." सहा तास झोपलो. सकाळी डॉक्टरांना चार प्रश्न विचारले, आणि चारही उत्तरं बाहेर येऊन आईला नीट सांगता आली.