हँडलिंग (वळवताना गाडी कशी वागते ते) शिकण्यासाठी १५ हजारांत जीपीएस लॉगर सुचवा

चाकण_नवखा:
नमस्कार मंडळी. वाहन चाचणीत नवीन आहे. पुढच्या महिन्यात पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात एका लक्झरी सेडानच्या प्रोटोटाइपची (चाचणीसाठी बनवलेल्या नमुना गाडीची) चाचणी आहे. चालवणार सीनियर, शेजारी बसून नोंदी घेणार मी. त्याआधी आकडे वाचायची सवय व्हावी म्हणून घरच्या गाडीत लावायला लॉगर, म्हणजे गाडीचा वेग आणि जागा नोंदवत राहणारं यंत्र, हवाय. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही.

घाटमाथा:
मी व्हीबॉक्स कंपनीचा सेकंडहँड लॉगर घेतला. तुमच्या बजेटच्या बरेच वर गेले, पण सेकंदाला २० नोंदी देतो. थांबा, पैसे साठवा आणि तोच घ्या. मी दर रविवारी खंबाटकीत त्यावर सराव करतो.

जुना_फिटर:
लॉगर राहू द्या, आधी टायरची हवा मोजायला चांगला प्रेशर गेज घ्या. एकदा आमची गाडी फक्त उजव्या वळणावर नाक बाहेर टाकायची. दोन दिवस चाकांची अलाइनमेंट केली, सस्पेन्शनचे रबरी बुश काढून पाहिले. शेवटी पुढच्या डाव्या चाकात हवा ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी निघाली! उजव्या वळणाला सगळ्यात जास्त भार त्याच चाकावर येतो. सकाळी कुणी हवा मोजलीच नव्हती. टायर थंड असतानाच मोजा. ५-६ अंशांनी तापला की साधारण १ पीएसआय चढतो.

निवांत_सफर:
काकांकडे चाकणला जोडलेली ईक्यूएस, मर्सिडीजची इलेक्ट्रिक गाडी, आहे. अडीच टनांची गाडी, पण आमच्या सोसायटीच्या बोळात छोट्या गाडीसारखी वळते, कारण मागची चाकंही वळतात. हे लॉगरला नाही, पाठीला कळतं.

घाटमाथा:
चूक. यॉ रेटच्या (गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते त्याच्या) आलेखात स्वच्छ दिसतं. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, जास्त वेगात त्याच दिशेला.

निवांत_सफर:
आलेख बघून कोणी कोटभर रुपये देत नाही हो. काकांनी पाठीनेच घेतली.

श्टुटगार्टहून:
हवेचं जुना_फिटर बरोबर बोलले, तेच सांगायला आले होते. नवख्याला एक सांगते. नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा लंबगोल वेगाचा ट्रॅक बघून भारावून जाल, पण हँडलिंग तिथे कळणार नाही. वळणांवर रस्ता आतल्या बाजूला इतका कललेला की ताशी २५० किमीला बाजूचा जोरच येत नाही. हँडलिंग ट्रॅकवर लक्ष द्या. आणि मोठ्या वेगाच्या मागे लागू नका. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, ती ताशी ६० किमीच्या आसपास, अडथळा चुकवताना. त्यानंतर मर्सिडीजने त्या गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) सरसकट दिलं.

नोंदीबद्दल: फेरी संपली की दार उघडण्याआधी गाडीला दहापैकी गुण लिहा. सीनियरशी बोललात की त्यांचे गुण तुमच्या वहीत उतरतात. तुलनेला आणखी गाड्या असतील तर दिवसाच्या शेवटी पहिलीच गाडी पुन्हा फिरवायला सांगा; गुण बदलले तर गाडी नाही, तुम्ही किंवा टायर बदललेत. आणि खंबाटकीत सराव नको. समोर कुणाचं तरी कुटुंब असतं.

घाटमाथा:
पहाटे पाचला कोणी नसतं. आणि घाट एकेरी आहे.

जुना_फिटर:
पहाटे पाचला उसाचे ट्रॅक्टर असतात. एकदा दोन ट्रॉल्या वळणावर उभ्या होत्या, मागे दिवा नाही. मी नशिबाने वाचलो. हात जोडून सांगतो, घाटात नको.

चाकण_नवखा:
सगळ्यांचे आभार. तरी लॉगर घेतलाच, सेकंदाला दहा नोंदीवाला, १३ हजारांत. बाबांच्या पंक्चरच्या दुकानात गेज आहे, पण तो ३२ दाखवतो तिथे शेजारच्या पंपावर ३५ येतात. कोणता खरा हे कसं ताडून बघायचं?

जुना_फिटर:
दोन्हींवर विसंबू नका. उरलेल्या दोन हजारांत तिसरा घ्या आणि तोच पीथमपूरला न्या.