उत्तर: कपड्यांची साखळी शिवणकामापासून सुरू होत नाही
कपडे कुणाला न पिळता बनावेत म्हणून ब्रँडांनी शिवणकारखाने नीट तपासले की झालं, असं एकांनी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, आणि तिथल्या काही कारखान्यांची तपासणी आधी झालेलीच होती! फरक पडला तो नंतरच्या करारानं, कारण ब्रँड आणि कामगार संघटनांनी केलेला तो करार कायद्यानं बंधनकारक होता.

पण कापड सुरू होतं ते आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात. वेचणीला बाया किलोवर येतात. फवारणारा गडी तोंडाला उपरणं गुंडाळतो, हातमोजे कुठले? आमच्या गावात शेतकऱ्यांचा गट झाला, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावले, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखणं, बंद केली. बोंडअळीला जरा आळा बसला, हे खरं. पुढे जिनिंगला, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करतात तिथं, मात्र सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात. १७० किलोच्या गाठीत कुणाचा किती, कोण सांगणार? 'बेटर कॉटन' ही चांगल्या पद्धतीनं पिकवलेल्या कापसाची जागतिक योजनासुद्धा बरीच वर्षं नुसत्या वजनाच्या हिशेबावर चालायची: किती किलो घेतला ते कळे, कपड्यात तोच कापूस आहे का ते नाही. प्रत्यक्ष माग काढायची सोय २०२३ च्या अखेरीस आली.

आता साधी गोष्ट बघा. प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे रुईत जातात, सूतगिरणी कुरकुरते, भाव पडतो आमचा. वेचणीला सुती झोळ्या हव्यात. त्याचा खर्च गिरणी आणि जिनवाल्यानं निम्मा-निम्मा उचलला, तर आमच्या बाया उद्यापासून त्यातच वेचतील.