कंपनीच्या नावानं बुलेट घ्यावी का?

उद्यमबागकर
बेळगावात छोटं मशीन शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर मी आणि बायको. होनगा, माच्छे, काकती, सगळीकडं माझीच धावपळ. आता साडेतीनशे सीसीची बुलेट घ्यायलोय, ऑन रोड अडीच लाख धरा. मित्र सांगायलेत, कंपनीच्या नावानं घे, जीएसटी परत मिळतो, घसारा (गाडीच्या किमतीतली दरवर्षीची घट, करात खर्च म्हणून) मिळतो, पेट्रोल खर्चात जातं. आमचे सीए नको म्हणतात, पण का ते धड सांगत नाहीत. मला तरी कंपनीच्याच नावानं घ्यावी असं वाटतंय. पटत नसेल त्यांनी बोला.

शहापूरचा हिशेबनीस
जीएसटी आधी डोक्यातून काढा. माणसं वाहणारी, चालक धरून 13 सीटपर्यंतची गाडी असली की जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळणं, बंद. दुचाकी त्यातच आली. तिच्या विम्यावरचं, दुरुस्तीवरचं क्रेडिटही गेलं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तो फायदा कुणाच्याही नावानं घेतली तरी मिळतोच. (त्यावरच्या इंजिनाला 40 टक्के, तेव्हा 450 वर डोळा असेल तर सांभाळून.) भरलेला जीएसटी गाडीच्या किमतीत धरून घसारा घ्यायचा, बस्स.

घसारा 15 टक्के, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. 2025-26 चा हिशेब करा: अडीच लाखावर 37,500. कंपनी 22 टक्के आयकरवाल्या योजनेत असेल तर अधिभार-सेस धरून दर 25.168, म्हणजे वाचले 9,438 रुपये. दिवाळी पाडव्याला घेतली असेल तर त्याच्याही निम्मे, कारण मार्चअखेर 180 दिवस भरत नाहीत.

निपाणीकर
हिशेबनीस, तुम्ही घसाऱ्यावरच अडकलात. खरी गंमत वेगळीच आहे. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसानं अडीच लाख हातात यावेत म्हणून कंपनीतून साधारण 3 लाख 63 हजार पगार उचलायचा, त्यातून कर भरायचा आणि मग गाडी घ्यायची. कंपनीनं घेतली तर चेक थेट शोरूमला. वर विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल सगळं खर्चात. धंद्यासाठीच फिरतोय की माणूस!

शहापूरचा हिशेबनीस
धंद्यासाठीच फिरत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण घरची गाडीही तीच ना? मग डायरेक्टरच्या हातात ती पर्क्विझिट, म्हणजे कंपनीकडून मिळालेली सोय, पगारासारखीच करात धरायची. मोटारगाडीसाठी दरमहा ठरलेली रक्कम असते, मोटारसायकल त्या तक्त्यात बसत नाही. ती कंपनीची वस्तू वापरायला दिल्यासारखी धरली, तर मूळ किमतीच्या 10 टक्के दरसाल, म्हणजे 25,000. तीस टक्केवाल्याला सेससकट 7,800 कर. आणि हा आकडा घसाऱ्यासारखा घटत नाही हां! तिसऱ्या वर्षी कंपनीचे वाचतात 6,819 आणि तुमचे जातात 7,800.

निपाणीकर
गुजरात हायकोर्टाचा सयाजी आयर्नचा निकाल वाचा. कंपनी म्हणजे काही हाडामांसाचा माणूस नव्हे, तिला खाजगी वापर कुठला? खाजगी वापर म्हणून आयकरवाल्यांना तिचा घसारा, खर्च नामंजूर करता येत नाही.

शहापूरचा हिशेबनीस
वाचलाय. कंपनीचा खर्च कापू नका, डायरेक्टरचा फायदा डायरेक्टरच्याच उत्पन्नात बघा, अशीच त्याची दिशा आहे. म्हणजे माझंच म्हणणं झालं की. लॉगबुक ठेवा: तारीख, कुठं गेलो, कुणाकडं, मीटरचा आकडा. रविवारचं आंबोलीचं पेट्रोल बिल कुठल्या फाउंड्रीच्या नावावर टाकणार?

चंदगडचा पाव्हणा
एवढं डोकं कशाला लावायलाय? कर्नाटकात लाखावरच्या दुचाकीला 18 टक्के आजीवन कर. कोल्हापुरात घ्या, एमएच-09 पासिंग करा, मोकळे व्हा.

खानापूरवाली
आणि कंपनीचा पत्ता बेळगावचा, तो कुठं लपवायचा, पाव्हणं? दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नोंदणी बदलावी लागते. उगाच चेकपोस्टवर कन्नडात समजावत बसायचं.

मी विम्याचं काम करते म्हणून एक सांगते, हे कुणी बोललंच नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा माणसाच्या नावावरच्या गाडीलाच. आरसीवर कंपनी असली की तो मिळत नाही. बुलेटवरून पडलात तर घरच्यांच्या हाती काय, ते आधी बघा, वेगळी पॉलिसी काढा. तुमच्या जुन्या गाडीचा नो क्लेम बोनसही कंपनीच्या गाडीला लागत नाही.

उद्यमबागकर
अपघात विम्याचं माहीतच नव्हतं. बरं, मी तीस टक्क्यांत नाही. पगार महिना 70 हजार, दुसरं उत्पन्न नाही.

शहापूरचा हिशेबनीस
अहो मग हे आधी सांगायचं! वर्षाचे 8 लाख 40 हजार. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, पगारदाराला 75 हजारांची वजावट धरून 12 लाख 75 हजार. बोर्डाचा ठराव करून पगार अडीच लाखांनी वाढवा. 10 लाख 90 हजार झाले तरी तुमचा आयकर शून्य. तिकडं कंपनीला अख्खे अडीच लाख त्याच वर्षी खर्चात, 62,920 कर वाचतो. घसाऱ्यानं तेवढं गोळा करायला आयुष्य जाईल. गाडी तुमची, विमा तुमचा. धंद्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल लॉगबुकावर कंपनीकडून घ्या.

निपाणीकर
ह्यांच्यापुरतं बरोबर. पण तीस लाख कमावणाऱ्याला हा उपाय सांगू नका, त्याला कंपनीच स्वस्त. पर्क्विझिट धरूनसुद्धा.

शहापूरचा हिशेबनीस
त्याला स्वस्त, मान्य. पण चार वर्षांनी तीच बुलेट वीस हजारांत स्वतःच्या नावावर करायला जाईल तेव्हा बघू. तेव्हा करासाठी गाडीची किंमत धरताना मूळ किमतीतून वर्षाला 10 टक्केच वजा होतात. म्हणजे अडीच लाखाची चार वर्षांनी दीड लाखाची, ती वीस हजारांत घेतली तर फरकाचे 1 लाख 30 हजार परत त्याच्याच पगारात.

निपाणीकर
मग नावावर करायचीच कशाला? बाहेर विकायची.

उद्यमबागकर
ठराव टाईप करायला दिलाय. बायको विचारतेय, तिचाही पगार वाढवता येतो का?