कारबूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) लाल गोल्फ जॅकेट मिळालंय, खरंच जुनं आहे का?

घडीमोड: मंडळी मदत हवी. मी स्कॉटलंडात राहतो, गोल्फची पंढरी सेंट अँड्र्यूज बसने अर्ध्या तासावर. गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही पण जुने कपडे दिसले की हात शिवशिवतात. परवा एका आजोबांकडून ३५ पौंडाला लाल लोकरी कोट उचलला, कॉलर काळ्या मखमलीची, पितळी बटणं सात त्यातलं एक वेगळंच, बाकीच्यांवर फुली मारल्यासारख्या दोन गोल्फ स्टिक. आजोबा म्हणाले कुठल्यातरी क्लबच्या कॅप्टनचा असणार, बायको म्हणते वरातीतल्या बँडवाल्याचा. बाहीला कसर लागलीय, तीन भोकं आहेत. काळ कसा ओळखायचा आणि बटणं घासून चकचकीत करू का?

मोरावळा: बटणांना हात लावू नकोस!! पितांबरी नको, चिंच नको, काही नको, वरची नक्षी झिजली की कलेक्टर ढुंकून बघत नाही. बटण उलटं करून बघ, मागे गोलाकार बनवणाऱ्याचं नाव असतं. लंडनचं फर्मिन वगैरे जुनी घराणी, त्यांची नावं लिहायची पद्धत बदलत गेली त्यावरून अंदाज येतो. मग आतल्या खिशात बोटं घाल, तिकडचे चांगले शिंपी तिथे लेबल शिवायचे आणि त्यावर शाईने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहायचे. सीसी४१ असा शिक्का दिसला तर माल १९४१ नंतरचा, महायुद्धातल्या रेशनिंगचा. आणि धुवायच्या चिन्हांची पट्टी निघाली तर विषयच संपला, कोट अलीकडचा.

टेम्सकाठचा: लाल म्हणजे गोल्फच असं धरून चालू नकोस रे. मी १८० पौंड घालवून 'गोल्फ कॅप्टनचा कोट' घेतला, घरी आल्यावर कळलं कोल्ह्याच्या शिकारीचा आहे, घोंगडीसारखा जाड आणि बटणावर चक्क कोल्हा. विकणाऱ्याने फोटोत बटणं नेमकी सावलीत ठेवलेली.
बाकी लाल रंग नुसता मिरवायला नव्हता. गोल्फ गावच्या मोकळ्या माळावर चालायचा, तिथेच लोक फिरायला यायचे, तेव्हा खेळणारा लांबून दिसला पाहिजे. लंडनच्या विम्बल्डन कॉमन या माळावर आजही लाल घातल्याशिवाय खेळता येत नाही, पण हल्ली टीशर्टवर भागतं. अ‍ॅबटने काढलेलं लंडनच्याच ब्लॅकहीथ गोल्फ क्लबच्या विल्यम इनेसचं चित्र शोध, १७९० चा छापा मिळतो. साहेब लाल कोटात, मागे काठ्या काखेत मारलेला कॅडी आणि त्याच्या खिशात बाटली.

चोरबाजारकर: आपल्या मुंबईत पण १८४२ पासून गोल्फ क्लब होता, त्याच्या एका बटणासाठी मी दर शुक्रवारी पायपीट करतो, अजून काही नाही 😭

प्लसफोर_पाटील: टोरांटोत १९९४ ला एकाने जुन्या कपड्यांच्या दुकानातून ५ डॉलरला ऑगस्टाचं हिरवं जॅकेट (अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबचं, मास्टर्स स्पर्धेच्या विजेत्याला देतात ते) घेतलं ते २०१७ ला लिलावात १ लाख ३९ हजार डॉलरला गेलं. पण हुरळून जाऊ नकोस दादा, ते जॅकेट क्लबच्या बाहेर न्यायची मुभा फक्त चालू विजेत्याला आणि तीही वर्षभर, म्हणून तो भाव. माझं ऐकशील तर जॅकेटपेक्षा प्लस फोर जमव, गुडघ्याखाली चार इंच लोंबणारी ती ट्वीडची विजार. मला तरी स्वस्तात मिळाल्या, आणि लोक हसले तरी थंडीत घालता येतात.

मोरावळा: आणि कसरीचं आधी बघ, डांबरगोळ्यांनी अंडी मरतीलच असं नाही. पिशवीत हवाबंद करून उणे १८ ला दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेव, मगच बाकीच्या कपड्यांजवळ ने.

घडीमोड: खिशात लेबल आहे!! नाव अर्धं पुसलंय पण १९३१ स्वच्छ वाचता येतं. सहा बटणांच्या मागे एकच नाव, सातवं नंतर कुणीतरी लावलंय. बायकोचा बँडवाला बाद. पण कोट मटारशेजारी ठेवलेला तिने आत्ताच बघितला, बाकीचं उद्या लिहितो.