मदत हवी आहे: एअरलाइन सोडून प्रायव्हेट जेटवर जावं का?

नमस्कार मंडळी. मी एअरलाइनच्या एअरबस ए३२० विमानावर कॅप्टन, बेस मुंबई. एका उद्योगसमूहाच्या जेटसाठी विचारणा झालीय. पगार जवळपास तेवढाच, टाइप रेटिंगचा (त्या जेटसाठीच्या खास प्रशिक्षण-परवान्याचा) बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी, वेगळा. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने एअरलाइन सोडताना कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, १ वर्षाची नोटीस, आणि परत फिरलो तर सीनियॉरिटी शून्यापासून.

लागोपाठच्या नाइट ड्युट्यांनी जीव मेटाकुटीला आलाय. पण निदान रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) आधी हातात येतो. आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवारी असतं, मीच नेतो. त्यावरच सुट्ट्या लावून घेतो. तिथे म्हणे रात्री अकराला फोन आणि सकाळी सहाला टेकऑफ!

कलिनाच्या जीए (खासगी विमानांच्या) टर्मिनलवरून उडणाऱ्या कुणी सांगाल का, सुट्टीचे ठरलेले वार करारात लिहून मिळतात का? आणि मुख्य म्हणजे, पावसाळ्यात छोट्या धावपट्टीवर उतरायला कॅप्टनने नकार दिला तर मालक मुकाट्याने ऐकतात का?