कोरफड जेल चालतं, पण वाळतं
चेहऱ्यावर फिरवायचं मायक्रोकरंट मशीन (त्वचेत अगदी सौम्य वीजप्रवाह सोडणारं) वापरताना महागड्या जेलऐवजी कोरफडीचं जेल लावलं तरी भागतं, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. जेल पाण्याचं हवं, तेलकट नको, एवढं खरं. पण ते फार लवकर वाळतं. मी पूर्ण चेहऱ्याला एकदमच लावायचे. जबडा उरकून कपाळावर येईपर्यंत तिथे पापुद्रा धरलेला असायचा आणि भुवईपाशी मुंग्या चावल्यासारखं टोचायचं. मशीन जोरात चाललंय म्हणून मी खूश! खरं तर हा करंट १ मिलिअँपिअरहूनही कमी, नीट पसरला तर जेमतेम जाणवतो. कोरड्या त्वचेवर तो एखाद्या ठिपक्यात एकवटतो, म्हणून टोचतं.

आता एका वेळी एकच गाल, जाड थर, मधेच ओली बोटं फिरवायची. आणि आधी चेहरा धुवा हो, बदाम तेलावर कितीही जेल थापलं तरी फुकटच.